आमच्या लॅपटॉपला बसणारी मेमरी

पिंगुळीत राहून मी पोट भरते ते दशावतारावर. नाटकात काम करत नाही, नाटकं एडिट करते. तुळशीची लग्नं आटोपली की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम लागतो. मग रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळासमोर नाटक उभं राहतं. हल्ली ही नाटकं यूट्यूबवरही जातात. मुंबईतला, पुण्यातला, आखातातला मालवणी माणूस जेवताना मोबाईलवर गावचं नाटक लावून बसतो. पण त्याच्यापर्यंत ते पोचण्याआधी कुणीतरी दोन कॅमेऱ्यांचं तीन-तीन तासांचं शूटिंग जुळवलेलं असतं, हार्मोनियमखाली दबलेला आवाज वर काढलेला असतो, मधली रिकामी जागा छाटलेली असते. ते कुणीतरी म्हणजे मी.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आले आणि हे काम मिळत गेलं म्हणून राहिले. बाबा कुडाळ स्टेशनवर रिक्षा चालवतात. गाड्यांच्या वेळांवर त्यांचं घड्याळ चालतं आणि जत्रांच्या तारखांवर माझं. माझं इथं राहणं ज्या एका वस्तूवर अवलंबून आहे, ती म्हणजे २०१९ सालचा लॅपटॉप. या हंगामात तोच अडखळायला लागला.

अडखळणं म्हणजे कसं, तर दोन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज टाइमलाइनवर टाकलं की माऊसचा बाण गोठायचा. एक कट मारायचा आणि चित्र हलायची वाट बघायची. ब्राउझर उघडला की सॉफ्टवेअर बंद पडायचं. रात्री जागून एक नाटक पुरं करायचे, तिथे दोन रात्री लागायला लागल्या. हंगामात दोन रात्री म्हणजे एक नाटक हातचं जाणं.

एका दुकानात दाखवला. दुकानदाराने झाकणही न उघडता निकाल दिला, "सहा वर्षं झाली ना? विंडोज दहाचा सपोर्टपण संपला. नवीन घ्या, हप्त्यावर करून देतो." सपोर्टचं खरं होतं, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पण माझ्या लॅपटॉपमधला आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसतो आणि तो बदल मी आधीच केला होता.

घरी सांगितलं तर बाबांनी एकच विचारलं, "नवो घेतलंस तर हप्ते कोण भरतलो?" रिक्षाचे हप्ते नुकतेच फिटले होते. पुण्याची जुनी कंपनी अधूनमधून परत बोलवत होती. तिथे मशीन कंपनीचं आणि चिंता कंपनीची. नवा हप्ता डोक्यावर घेऊन हंगामी कामावर गावात राहायचं की बॅग भरायची, असा तो सरळ हिशोब होता. त्या हिशोबात तिसरा रस्ता आहे का हे बघण्यासाठी मी लॅपटॉपला नक्की काय झालंय ते शोधायला बसले.

पहिला घोळ 'मेमरी' या शब्दाचाच असतो. मोबाईल घेताना आपण "दोनशे छप्पन्न जीबी मेमरी" म्हणतो, ती साठवणीची जागा. रॅम वेगळी. हा फरक मला पिंगुळीत समजावून सांगायला सोपा जातो, कारण आमच्याकडे चित्रकथी आहे. ठाकर समाजाच्या या कलेत एका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी असते. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर कथेकरी पोथीतलं एक चित्र पुढे धरतो, तेवढा प्रसंग सांगतो आणि पुढचं चित्र घेतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनाही पिंगुळीचं नाव कळलं. तर पोथीचा आख्खा गठ्ठा म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. लोकांसमोर या क्षणी जे चित्र आहे ती रॅम. गठ्ठा कितीही मोठा असो, समोर एका वेळी किती चित्रं मांडता येतात त्यावर सांगण्याची गती ठरते. जागा कमी असेल तर सांगणारा सतत गठ्ठ्यात हात घालत बसणार. माझा लॅपटॉप नेमकं तेच करत होता. रॅम भरली की विंडोज उरलेला माल एसएसडीवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानाने ती फार संथ असते.

रॅममधलं सगळं वीज गेली की पुसलं जातं, हे कोकणात वेगळं सांगायला नको. पण वीज असतानाही ती विसरत असते, हे मला नवं होतं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली ही रचना सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढ्यात एक बिट. कपॅसिटरमधला विद्युतभार मात्र गळत राहतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. आपल्या लॅपटॉपमध्ये हे अखंड चालू असतं. उजळणी थांबली की आठवण गेली.

आता निदान. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर बोट ठेवायचं आणि मग आपलं रोजचं काम सुरू करायचं. रिकामा लॅपटॉप तपासण्यात अर्थ नाही. ताप चढला की थर्मामीटर लावायचा. माझ्याकडे दोन कॅमेऱ्यांचं फुटेज उघडल्यावर आठातली साडेसात जीबी भरलेली दिसली. प्रोसेसर मात्र चाळीस टक्क्यांवर आरामात होता. प्रोसेसर शंभरावर आणि मेमरी अर्धी रिकामी असती, तर रॅम घेऊन एक पैशाचा उपयोग झाला नसता.

त्याच पानावर खाली चार ओळी असतात आणि खरेदीचा निम्मा निर्णय तिथेच होतो. वेग: माझ्याकडे २६६७. स्लॉट: दोनपैकी एक वापरात. फॉर्म फॅक्टर: एसओडीआयएमएम, म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. हार्डवेअर रिझर्व्ह्ड: ग्राफिक्ससाठी वगैरे बाजूला काढलेली थोडी मेमरी. फॉर्म फॅक्टरच्या जागी 'रो ऑफ चिप्स' असं दिसलं, तर मेमरी बोर्डावरच डाखलेली असण्याची दाट शक्यता. 'दोनपैकी एक' वाचून मला फार बरं वाटलं. आत एक खोली रिकामी होती आणि सहा वर्षांत कुणी तिचं दार उघडलं नव्हतं.

टास्क मॅनेजरवर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक पट्टीची पिढी, वेग आणि बनवणारी कंपनी दाखवतं. ही माहिती पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये कोरलेली असते. आणि शेवटी झाकण उघडायचं. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, दहा स्क्रू एका वाटीत ठेवले आणि जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने झाकण सोडवलं. आत हात घालण्याआधी लोखंडी खिडकीच्या गजाला हात लावला, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून. बॅटरीची तार आधी सुटी केली.

पट्टीवरच्या स्टिकरवर जे लिहिलेलं असतं ते एकदा समजलं की कायमचं समजतं. माझ्या पट्टीवर होतं: ८ जीबी, १आरx८, पीसी४-२६६६व्ही-एसए२-११. ८ जीबी म्हणजे क्षमता. १आरx८ म्हणजे चिपांची एकच रांग आणि प्रत्येक चिप ८ बिट रुंद, म्हणून ८ चिपा मिळून ६४ बिटांचा रस्ता. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २६६६ हा वेग. आणि 'एसए२'मधला 'एस' म्हणजे लॅपटॉपची पट्टी. तिथे 'यू' असेल तर ती डेस्कटॉपची लांब पट्टी, लॅपटॉपमध्ये जाणारच नाही.

काही पट्ट्यांवर २६६६ऐवजी पीसी४-२१३०० असं लिहिलेलं असतं. घाबरायचं नाही. मोठ्या आकड्याला आठाने भागायचं. २१३००ला भागलं की साधारण २६६६ येतात, २५६००ला भागलं की ३२००. वस्तू तीच, एकावर दर सेकंदाच्या लाखो फेऱ्या लिहिल्यात आणि दुसऱ्यावर त्या फेऱ्यांतून वाहून गेलेला माल.

पिढीच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. पट्टीच्या तळाशी जी खाच असते, तिची जागा प्रत्येक पिढीत बदललेली आहे, मुद्दाम, चुकीची पट्टी बसूच नये म्हणून. व्होल्टेजही उतरत गेलंय: १.५, मग १.२, मग १.१. डीडीआर३ची १.३५ व्होल्टची 'एल'वाली बहीण वेगळी. जुन्या लॅपटॉपसाठी घेताना तो 'एल' बघायला विसरू नका. वेगाच्या बाबतीत थोडी मोकळीक असते. ३२००ची पट्टी २६६६च्या मशीनमध्ये घातली तर ती सहसा गुमान २६६६वर चालते. जास्त वेगाचे पैसे मोजून फायदा शून्य.

मग प्रश्न किती घ्यायची. एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअर्स १६ जीबी हवीच म्हणतात. रिकाम्या खोलीत ८ घातली की १६ होत होती, १६ घातली असती तर २४. मोह झाला. पण सारख्या आकाराच्या दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, दोन बैलांची जोत असते तसं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला याचा फायदा जास्त होतो, कारण चित्र रंगवण्याचं कामही हीच मेमरी करते. ८ आणि १६ ठेवल्या तर पहिल्या आठ-आठची जोडी जमते आणि उरलेली आठ एकटी चालते. वाईट नाही, पण माझ्या कामाला गरज नव्हती. कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या मॉडेलची कमाल मर्यादाही बघून घेतली आणि वहीत एक ओळ लिहिली: डीडीआर४, लॅपटॉपची, ८ जीबी, १आरx८, २६६६ किंवा ३२००, १.२ व्होल्ट.

यादी तयार झाली आणि मग बाजारभाव बघितला. वर्षभरापूर्वी मैत्रिणीने हीच पट्टी ज्या भावात घेतली होती, त्याच्या दुपटीहून जास्त मागत होते. मला वाटलं, गावात लावतात. ऑनलाइन बघितलं, तिथेही तेच. म्हापशाला फोन केला, तेच.

कारण पिंगुळीपासून फार लांब होतं. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची मेमरी हे तिघेच बनवतात आणि त्यात नफा जास्त. तेवढ्याच गिगाबाइटांसाठी एचबीएमला सिलिकॉनही जास्त लागतं. कारखान्यांनी तोंड तिकडे वळवलं, त्यात डीडीआर४ जुनी पिढी म्हणून तिचं उत्पादन आवरायला घेतलं. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड ते बंद करणार. कुठेतरी कुणीतरी एआयला दशावतारावर निबंध लिहायला सांगतो आणि त्याची किंमत इथे दशावतार एडिट करणारी भरते, असं मनात आलं. वैतागून उपयोग नव्हता. जत्रा थांबणार नव्हत्या.

यादी हातात असण्याचा उपयोग इथे झाला. नवीनच हवी असं मशीनचं काही म्हणणं नसतं. रॅमला फिरणारे भाग नाहीत, ती टायरसारखी झिजत नाही. चांगली असेल तर वर्षानुवर्षं चालते. म्हणून मी मुंबईला चुलत भावाला फोन लावला. दादा ग्रँट रोडजवळ कामाला आहे. तिथून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी तिथे जाणारा कुणीच ते नाव घेत नाही. दादाला यातलं काही कळत नाही. तो म्हणाला, "स्टिकरचो फोटो धाड. असोच दिसणारो घेवन येतंय."

आणि तसंच झालं. पहिल्या दुकानात त्याला यू-वाली पट्टी दाखवली. "डीडीआर४च आहे, चालेल," असंही सांगितलं. दादाने फोनवरचा फोटो पुढे केला आणि म्हणाला, इथे एस आहे. दुसऱ्या दुकानात कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या पट्ट्यांचा ट्रे होता. त्यात हुबेहूब जोडीदार सापडला, नव्याच्या निम्म्या भावात. दादाने माझ्या सांगण्यावरून तीन गोष्टी केल्या. दुकानातल्या लॅपटॉपवर लावून सीपीयू-झेडमध्ये दिसणारी माहिती स्टिकरशी ताडून बघितली, कारण जुन्या पट्टीवर नवा स्टिकर चिकटवायचे उद्योग चालतात. बिलावर पट्टीचा नंबर लिहून घेतला. आणि पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी शाईने लिहून घेतली.

आंगणेवाडीच्या जत्रेला चाकरमानी येतात तेव्हा गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. दादा रात्री दादरला तुतारीत चढला आणि दुपारी कुडाळला उतरला. पट्टी त्याने डब्यातल्या चपात्यांपासून लांब, शर्टाच्या खिशात, तिच्या चमकत्या पिशवीतच ठेवली होती. बाबांनीच त्याला रिक्षाने घरी आणलं. पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत ते म्हणाले, "ह्या इतक्याशा वस्तूक इतके पैशे?" मग नव्या लॅपटॉपचा आकडा आठवला असावा, कारण पुढे काही बोलले नाहीत.

बसवायला पाच मिनिटं लागली. खाच जुळवायची, पट्टी तिरकी आत सरकवायची, मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून बसतात. जोर लागत असेल तर थांबायचं, कुठेतरी जुळत नाहीये. सुरू केल्यावर १६ जीबी दिसली. पण दिसणं वेगळं आणि टिकणं वेगळं. मेमटेस्ट८६ हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं. ते मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितं आणि परत वाचून बघतं. एकही चूक आली असती तर पट्टी परतीच्या गाडीने दादाबरोबर गेली असती. सकाळी आकडा होता शून्य.

काय बदललं ते खरं खरं सांगते, कारण असल्या लेखांत "लॅपटॉप नवा झाला" असं लिहायची पद्धत आहे. नवा झाला नाही. पूर्ण झालेला व्हिडिओ बाहेर काढायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. ते काम प्रोसेसरचं आहे आणि तो सहा वर्षांचा तो सहा वर्षांचाच. गोठणं मात्र थांबलं. दोन कॅमेरे, आवाजाच्या पट्ट्या आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवले तरी बारा जीबीच्या आसपास भरतात आणि वर श्वास घ्यायला जागा उरते. पुन्हा एका रात्रीत एक नाटक व्हायला लागलं. पुण्याच्या कंपनीला यंदा तरी नाही कळवलं.

ही बातमी वाडीत पसरली आणि आता लोक लॅपटॉप घेऊन येतात. प्रत्येकाला रॅमच हवी असते. एकाच्या लॅपटॉपमध्ये मेमरी पुरेशी होती, पण जुनी फिरती हार्ड डिस्क होती. त्याला म्हटलं, आधी एसएसडी घाल. एकाचं विंडोज ३२ बिटचं होतं. ते चार जीबीच्या वर बघतच नाही, त्याला आधी विंडोज बदलायला सांगितलं. गेल्या आठवड्यात शेजारची एक मुलगी आली. कॉलेजसाठी बारीक, सुंदर लॅपटॉप घेतलेला, चार जीबीचा. टास्क मॅनेजरमध्ये 'रो ऑफ चिप्स'. झाकण उघडून खात्री केली, एकही खोली नव्हती. तिच्या आईने पैसे मोजून आणले होते, रुमालात.

मी तिला काहीच घ्यायला सांगितलं नाही. सुरू होताना आपोआप उघडणारी आठ सॉफ्टवेअर्स बंद केली, ब्राउझर एकच ठेवला. तिचं गाडं तूर्तास चालतंय. जाताना तिच्या आईला म्हटलं, "काकी, पुढच्या टायमाक घेतलास तर दुकानात एवढाच विचारा, आत रॅमचो स्लॉट रिकामो आसा काय?" काकींनी ते वाक्य दोनदा म्हणून पाठ केलं आणि रुमालाची गाठ परत मारली.